पंच्यात बांधलेली चांदी

फुलीबाईने सलग तीन आठवडे दलसिंगला एकही शिवी दिली नाही, तेव्हा दलसिंगला कळून चुकलं की हे दुखणं साधं नाही.

एरवी चूल पेटायच्या आधी फुलीबाई पेटायची. शेळ्या का सोडल्या नाहीस, सोडल्या तर एवढ्या लवकर का सोडल्यास, विळा कुठे टाकलास, आणि जिथे टाकलास तिथे तो का नाही. चाळीसेक वर्षं दलसिंग हे ऐकत आला होता आणि ऐकता ऐकता निवांत बिडी ओढत आला होता. तळोद्याहून सातपुड्यात चढत गेलं की जीपचा रस्ता जिथे संपतो तिथे मोहपाडा आहे. त्या पाड्यातल्या शेजाऱ्यांना फुलीबाईच्या आवाजाने जाग यायची. आता तिचा डावा गाल लिंबाएवढा सुजला होता आणि पाड्यातले लोक उशिरा उठत होते.

उपाय काही कमी झाले नव्हते. लवंग झाली, हळद झाली. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर नळीने दातापर्यंत सोडून झाला. या धुराने दातातली कीड गळून पडते म्हणतात. फुलीबाईच्या दातातली कीड भलतीच चिवट निघाली, डोळ्यांतून पाणी मात्र दोघांच्याही गळलं. भाकरी सुटली. ज्वारीची पातळ राब तेवढी उजव्या बाजूने घशाखाली जायची. आणि होळी आठ दिवसांवर आली होती.

होळीचं दलसिंगला फार लागून राहिलं होतं. होळीच्या रात्री बायकांच्या रांगेत पहिलं गाणं फुलीबाई उचलायची. ती उचलायची आणि बाकीच्या झेलायच्या. शब्द ती जागेवर जुळवायची, आणि त्यात वर्षभरात ज्यांनी ज्यांनी गाढवपणा केला असेल त्यांची नावानिशी वरात निघायची. यंदा कोणाचीच निघणार नाही असं दिसत होतं. गावातले दोघे-तिघे त्यामुळे खूश होते, पण दलसिंगला घरातल्या त्या शांततेत झोप लागत नव्हती.

शेवटी पाड्यातली आशा सेविका रविना अंगणात येऊन म्हणाली, "तळोद्याला दाताची नवी डॉक्टरीण आलीय. तिच्याकडे मशीन आहे. डोक्याभोवती फिरतं आणि सगळ्या जबड्याचा फोटो काढतं. लगेच टीव्हीवर दिसतो. मावशीला ने."

फुलीबाई जाणार नाही म्हणेल, मग आपण तिची समजूत घालू, अशी दलसिंगने मनाशी तयारी केली होती. तिने नुसती मान हलवली. वाद न घालता ती तयार झाली हे पाहून दलसिंग तेव्हाच जीपवाल्याकडे दोन जागा सांगायला गेला.

सकाळच्या जीपने दोघं तळोद्याला उतरली. दवाखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. आत थंड, पांढरं, आणि फरशी एवढी स्वच्छ की दलसिंगने चपला बाहेर काढल्या, मग कोणीच काढत नाही हे पाहून परत जाऊन घातल्या. डॉक्टर निर्मला धानोऱ्याची. तिशीची असेल नसेल, पण बोलणं थेट शेतातून आल्यासारखं अहिराणी. तिची मदतनीस प्रिस्किला नवापूरकडची. तिची मावची बोली आणि या दोघांची पावरी एकमेकींना पुरती नाही तरी निम्मीशिम्मी कळायची. पावरीत लहानथोर सगळ्यांना ‘तू’च म्हणतात, त्यामुळे दलसिंग डॉक्टरलाही तू म्हणाला आणि डॉक्टरलाही त्याचं काही वाटलं नाही.

"किती दिन व्हयनात दुखाले, माय?" डॉक्टरने आरशाची दांडी हातात घेऊन विचारलं.

फुलीबाईने तीन बोटं दाखवली.

"तीन दिन?"

"तीन आठवडे," दलसिंग म्हणाला. "बोलत नाही, डॉक्टर. शिवी पण देत नाही."

डॉक्टरने तोंडात पाहिलं, गालावरून अलगद बोट फिरवलं. "मागली दाढ सडेल दिखस. पण सूज वर लोंग जायेल शे. पूर्ण जबडाना फोटो काढूत. मंग मी सांगस."

आता खरी अडचण पुढे आली. प्रिस्किला म्हणाली, "आजी, मानेच्या वर जेवढा धातू आहे तेवढा सगळा काढायचा. कान, नाक, गळा. धातू राहिला की फोटो बिघडतो."

फुलीबाईच्या मानेवर आणि मानेच्या वर काय काय होतं याचा प्रिस्किलाला अंदाज नव्हता. दलसिंगला होता. गळ्यात बोटाएवढी जाड हासळी, तिच्याखाली चांदीच्या साखळ्यांचे पदर, नाकात फुली, डाव्या कानात माहेरच्या चार जड बाळ्या, उजव्या कानात तीन, आणि त्या तिघींच्या खाली चौथी, सगळ्यांत छोटी आणि सगळ्यांत वाकडी. एकेक वस्तू कधी ना कधी उतरली असेल, पण सगळी चांदी एकदम कधी उतरली नव्हती. मूल होताना नाही, ऊसतोडीला दोघं गुजरातेत गेली तेव्हा नाही. दलसिंगने खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर पसरला.

ती चौथी बाळी दलसिंगची होती. होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार, दलसिंगला मिसरूड फुटलेलं, आणि सोनाराच्या पथारीसमोर उभी असलेली फुली बाळ्यांच्या एका जोडाकडे बघत होती. दलसिंगने विकायला आणलेल्या मोहफुलांच्या पैशांत जोड बसेना, एकच बसली. त्याने एकच घेतली. तिच्या उजव्या कानात घालताना तिची टोकं मिटेनात, म्हणून त्याने ती दाढेखाली धरून आवळली. चांदी मऊ, आणि दलसिंगची दाढ तेव्हा लोखंडाची. बाळी एका बाजूने चेपली ती कायमचीच. फुली तेव्हा म्हणाली होती, "एकच आणलीस, ती पण चावून." त्यांच्या संसारातली ही पहिली बोलणी. आणि त्या दिवसापासून आजपर्यंत तो कान त्या बाळीशिवाय कोणी पाहिलेला नव्हता.

प्रिस्किला फुलीबाईला आतल्या छोट्या खोलीत घेऊन गेली. दार अर्धं लोटलेलं. थोड्या थोड्या वेळाने तिचा हात दाराबाहेर यायचा आणि दलसिंगच्या पंच्यात काहीतरी ठेवून जायचा. हासळी आली, तेव्हा मांडीला तिचं वजन जाणवलं. साखळ्या आल्या, नाकातली फुली आली. बाळ्यांना साबण लावावा लागला, त्या ओल्याच आल्या, मूठभर. मग प्रिस्किला म्हणाली, "झालं, बाबा. सांभाळा हं." आणि दार बंद झालं.

आतून तिचा आवाज येत होता. "हे शिशाचं एप्रन आहे, जड लागेल. हनुवटी इथे टेकवा. ही काडी पुढच्या दातांत धरा. जीभ टाळूला लावा. आता हलायचं नाही, मशीन डोक्याभोवती फिरेल, अंगाला लागणार नाही." फुलीबाईला कोणी हलू नको म्हणावं आणि तिने ऐकावं, याचंच दलसिंगला वाईट वाटत होतं. घूं असा बारीक आवाज सुरू झाला.

पंच्याची गाठ मारायच्या आधी दलसिंगने चांदी एकदा चाचपली. डोळे मिटूनही त्याला प्रत्येक वस्तू ओळखता आली असती. हासळी. साखळ्या. फुली. डाव्या कानातल्या चार. उजव्या कानातल्या तीन.

तीनच.

त्याने पुन्हा चाचपलं. पंचा पूर्ण उलगडला, झटकायला गेला आणि वेळेवर थांबला. चांदी एका बाजूला केली, दुसऱ्या बाजूला केली. छोटी, चेपलेली, वाकडी बाळी त्यात नव्हती.

साबणाने ओल्या झालेल्या वस्तू, ही गुळगुळीत फरशी. पडली असणार, घरंगळली असणार. तो बाकाखाली वाकला. मग गुडघ्यांवर बसला. बाकाच्या पायांमागे पाहिलं, चपलांखाली पाहिलं, धोतराचा सोगा सोडून झटकला. समोर आपली पाळी यायची वाट बघत बसलेली एक बाई पाय वर घेऊन म्हणाली, "काय दखी ऱ्हायनात, बाबा?"

"बिडी पडली," दलसिंग म्हणाला.

"दवाखानामा बिडी?" बाईने तोंड फिरवलं.

हा माणूस आयुष्यात फार खोटं बोललेला नव्हता. बोलला असता तरी फुलीबाईपुढे ते टिकलं नसतं. पण त्या घटकेला त्याने मनाशी ठरवलं की हे तिला आज सांगायचं नाही. आधीच तिचा जीव मेटाकुटीला आलाय. घरी जाऊ, ती बरी होऊ दे, खणखणीत बरी होऊ दे, मग सांगू, म्हणजे ती हवं तेवढं बोलेल. त्याने पंच्याला दोन गाठी मारल्या आणि तो पोटाशी धरून बसला.

थोड्या वेळाने डॉक्टरने दोघांना आत बोलावलं. फुलीबाईने डोक्यावरून लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता. चांदीशिवाय तिची मान बारीक, परक्या बाईची वाटत होती. दलसिंगला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो टीव्हीकडे बघायला लागला.

टीव्हीवर फुलीबाई हसत होती. म्हणजे तिचा जबडा हसत होता. दातांची रांग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पसरलेली, करड्या ढगात पांढरी. काढून पाच मिनिटं झाली नव्हती आणि फोटो इथे हजर. पूर्वी त्याने हाताचा एक्स-रे काढला होता, तेव्हा फिल्म सुकायची वाट पाहत तो दुपारभर बसला होता.

"ही देखा," डॉक्टरने खालच्या डावीकडच्या शेवटच्या दाढेवर बाण नेला. "सडी गयी. मुळले पू व्हयेल शे. हाई काही मोठी गोठ नही, काढी टाकूत." मग तिने बाण वर सरकवला आणि बोलणं थोडं हळू केलं. "पण हाई वर काय शे, ते माले समजी नही ऱ्हायनं."

डाव्या बाजूलाच, जबड्याच्या उभ्या हाडावर, एक पांढरा डाग होता. पुसट, धुरकट, गोलसर.

"प्रिस्किला, सगळं काढलं होतं ना?"

"कान, नाक, गळा, सगळं मी बघितलंय, मॅडम. पिना पण विचारल्या. आजींनी मान हलवली, केसात पिन नाही."

डॉक्टर दलसिंगकडे वळली. "बाबा, आंगवरनं सगळं तुमना पंचामा शे ना? एखादी वस्तू ऱ्हायनी का? नीट सांगा."

आता इथे दलसिंगने तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बाजूला फुलीबाई बसलेली. बाळी हरवली म्हणायचं, तेही तिच्यासमोर, तेही ती अशी गप्प असताना. "सगळं आहे," तो म्हणाला आणि पंच्यावरची पकड घट्ट केली. फुलीबाईनेही पदराआडून मान हलवली. सगळं आहे.

डॉक्टरने सुस्कारा सोडला. "मंग हाडमा काही वाढेल ऱ्हाई शकस. घाबरू नका. वाईट शे म्हणी मी म्हणी नही ऱ्हायनी. पण ते काय शे हाई समज्याशिवाय त्या दाढले मी हात लावाव नही. नाशिकले मन्हा सर शेतस, तेस्ले फोटो धाडस. ते म्हणतीन तर नाशिकले जाई मोठा स्कॅन करना पडी."

फोटो इथून निघाला आणि नाशिकला पोचला, तेवढ्या वेळात दलसिंगची पंच्याची गाठदेखील घट्ट करून झाली नव्हती. एकदा द्राक्षांच्या मजुरीला तो नाशिककडे गेला होता. तिथल्या मोठ्या दवाखान्यासमोर माणसं झाडाखाली आठ-आठ दिवस बसलेली त्याने पाहिली होती. होळी गेली, त्याच्या मनात आलं. मग वाटलं, होळी गेली तर जाऊ दे, हिला काही व्हायला नको. आपण जन्मात देवाकडे काही मागितलं नाही, आता मागतो, ही अशी गप्प राहायला नको. म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं आणि ते लपवायला त्याने पुन्हा टीव्हीत तोंड घातलं.

डॉक्टर फोनवर बोलत होती. दलसिंग त्या डागाकडे बघत राहिला. हिला छळणारा तो हाच, म्हणून रागानेच बघत होता. डाग गोल होता. पूर्ण गोल नव्हता. एका बाजूने आत दबला होता.

"डॉक्टर," तो म्हणाला. "हे मोठं करता येतं?"

डॉक्टरने फोन कानाला लावूनच दुसऱ्या हाताने डाग मोठा केला. मग आणखी मोठा. टीव्ही भरून एक धुरकट कडं उभं राहिलं. मध्ये पोकळ, खाली दोन टोकं एकमेकांवर चढलेली, आणि एका अंगाला चेपलेलं. कोणीतरी दाढेखाली धरून चावलेलं.

दलसिंग उभा राहिला.

"ही माझी बाळी," तो म्हणाला.

डॉक्टरने फोन खाली केला. "काय?"

"माझी बाळी. मी चावलेली. बघ, हे इथे माझी दाढ लागलीय." त्याने टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता, सगळं एकदम बाहेर पडलं. "मी खोटं बोललो, डॉक्टर. पंच्यात ती नाही. मी तिकडे सगळीकडे शोधली. हरवली म्हणून मी बोललो नाही. ती हिच्या जबड्यात शिरलीय. इतकी वर्षं कानात होती, आत कधी शिरली मला कळलंच नाही. आता काढायची कशी, ते सांग."

प्रिस्किलाने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरने डागाकडे पाहिलं, दलसिंगकडे पाहिलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावरचे भाव हळूहळू बदलत गेले.

"बाबा, ती बाळी कोणता कानमा व्हती?"

"उजव्या."

"उजवा," डॉक्टर म्हणाली. तिने खुर्ची फिरवली आणि फुलीबाईसमोर जाऊन उभी राहिली. "माय, पदर मांगे घ्या जरा."

फुलीबाईने पदर आणखी पुढे ओढला.

"माय."

मग फुलीबाईचा हात सावकाश वर गेला, पदराखाली शिरला, उजव्या कानामागे अंबाड्यात चाचपला, आणि बाहेर आला तेव्हा चिमटीत ती छोटी, चेपलेली, वाकडी बाळी होती.

डॉक्टर आधी खाली स्टुलावर बसली आणि मग हसली. हसू आवरल्यावर तिने दोघांना समजावलं. मशीन डोक्याभोवती फिरतं. त्यामुळे उजव्या कानामागे चांदी राहिली तर तिची सावली समोरच्या, म्हणजे डाव्या बाजूला, जरा वर आणि धुरकट पडते. खरी बाळी मागे केसांत असल्यामुळे फोटोच्या कडेबाहेर राहिली आणि सावली तेवढी आत आली. "आमना कॉलेजमा तिले भूत म्हनतस," ती म्हणाली. "मी इचारं, दोन्ही जन म्हने सगळं काढं. मंग मी तरी काय करू?"

"म्हणजे हाडात काही नाही?" दलसिंगने विचारलं.

"आजून एक फोटो काढूत. पण माले नही वाटत."

दलसिंगचा जीव भांड्यात पडला, आणि पडता पडता त्याला राग आला. "तू सांगितलं का नाहीस?" तो फुलीबाईला म्हणाला. "मी तिकडे फरशीवर रांगत होतो."

आणि तीन आठवड्यांनी फुलीबाईने तोंड उघडलं.

"तुझ्याकडे देऊ?" ती म्हणाली. सुजलेल्या गालामुळे शब्द जाड येत होते, पण येत होते. "गेल्या भोंगऱ्याला शेळी बाजारात बांधून विसरून आलास, त्या तुझ्याकडे देऊ? छत्री जीपमध्ये ठेवलीस, मुलाच्या लग्नात आहेराचा तांब्या नदीवर ठेवलास, अजून नदी पितेय त्यात पाणी. बाकीची चांदी तू हरवलीस तर पुन्हा करता येईल. हिच्यासारखी कुठून आणणार? चावायला तुझ्या तोंडात दाढा तरी राहिल्यात का? पोरगी म्हणाली काढ, मी कानातून काढली. तिने केसांचं कुठे म्हटलं? पिन आहे का म्हणाली, मी नाही अशी मान हलवली. आणि तू रे, हरवली असं वाटलं तर तेव्हाच का नाही बोललास? मला नाशिकला पाठवायला निघाला होतास, मेल्या, एका बाळीपायी."

दलसिंग ऐकत होता. त्याचा सुरकुतलेला चेहरा असा उजळला होता की बाहेरच्या बाईने दारातून डोकावून पाहिलं. मेल्या म्हणाली. तीन आठवड्यांनी मेल्या म्हणाली.

"तोंड इतलं उघडस," डॉक्टर प्रिस्किलाला म्हणाली, "तर दाढ आरामशीर निंघी."

दुसरा फोटो काढला. या वेळी प्रिस्किलाने अंबाडा सोडायला लावून केसांतून बोटं फिरवली, आणि बाळी दलसिंगच्या नाही, डॉक्टरच्या हातात दिली. अर्थात फुलीबाईच्या सांगण्यावरूनच. टीव्हीवर पुन्हा जबडा हसला. डावीकडची दाढ सडकी होती तशीच होती, आणि तिच्या वरचं हाड स्वच्छ, मोकळं. नाशिकच्या सरांचं उत्तर आलं तेव्हा डॉक्टरने त्यांना उलट टपाली नवा फोटो पाठवला. त्यांनी फोनवर काय म्हटलं ते ती कोणाला सांगेना, पण कानापर्यंत लाल झाली. मग तिने गाल बधिर केला, आणि पाऊण तासाने ती दाढ कापसाच्या बोळ्यावर बाहेर आली. एवढीशी.

गोळ्या झाल्या, औषध झालं. प्रिस्किलाने एकेक दागिना परत चढवला आणि फुलीबाई हळूहळू पुन्हा फुलीबाई दिसू लागली. शेवटी छोटी बाळी उरली. कानात घातली, पण टोकं फाकलेली, मिटेनात.

"थांबा, मी आवळी देस," म्हणत डॉक्टरने ट्रेमधला बारीक चिमटा उचलला.

गालात कापूस, अर्धं तोंड बधिर, तरी फुलीबाईने हात आडवा धरला. दलसिंगकडे बोट केलं.

"बाबा, तुमना दात तुटी," डॉक्टर म्हणाली. "मंग तुमना बी फोटो काढना पडी."

दलसिंगकडे वरखाली जुळणारी अशी एकच दाढ उरली होती, उजवीकडे मागे. त्याने बाळी हातात घेतली, जुना दबलेला भाग नखाने चाचपला, आणि त्या दाढेखाली ती अलगद धरली. पहिल्यासारखा जोर आता नव्हता. त्याने थोडं थोडं, तीनदा आवळलं. चांदी अजून मऊच होती. मग वाकून त्याने ती तिच्या उजव्या कानात घातली, पाहिलं, पुन्हा वाकला आणि शेवटची कड तिच्या कानाशीच दातांनी मिटवली, पहिल्यांदा भोंगऱ्यात मिटवली होती तशी. प्रिस्किला खिडकीबाहेर बघायला लागली. डॉक्टर मात्र बघत राहिली.

"एकच," फुलीबाई कापसातून म्हणाली. "ती पण चावून."

निघताना प्रिस्किला कॉम्प्युटरवरचा बिघडलेला फोटो पुसायला गेली, तर दलसिंगने तिचा हात धरला. चांगला फोटो तुझ्याकडे ठेव, तो म्हणाला, तो दाढेचा आहे, दाढ गेली. मला तो दुसरा पाहिजे. डॉक्टरने तो फिल्मवर छापून दिला. जीपमध्ये त्याने तो कोणालाच हातात दिला नाही. उन्हापुढे धरून लांबूनच सगळ्यांना दाखवला, आणि पाड्यापर्यंत जीपमधल्या प्रत्येक माणसाला ती बाळी ओळखता यायला लागली. फुलीबाईने वाटेत दोनदा विचारलं, सीटखाली विसरणार तर नाहीस ना. तो विसरला नाही.

होळीच्या रात्री मोहपाड्यात ढोल वाजू लागले, आणि बायकांची रांग हातात हात गुंफून उभी राहिली तेव्हा गाल उतरलेली फुलीबाई मध्यावर होती. गावातले दोघे-तिघे आधीच अंधारात सरकले होते. त्यांनी घाबरायचं कारण नव्हतं. यंदा तिने दुसऱ्या कोणाला हातच लावला नाही. तिने गाणं उचललं ते दलसिंगचंच. तळोद्याच्या फरशीवर रांगणारा नवरा, बायकोच्या डोक्यावरची बाळी धोतरात शोधणारा नवरा, टीव्हीत बाळी दिसली म्हणून डॉक्टरला म्हणणारा नवरा, की माझ्या बायकोने माझी बाळी गिळली. रांगेने ते झेललं, पलीकडच्या पाड्यातल्या रांगेनेही झेललं. होळीभोवती माणसं हसून हसून ढोलावर पडायला लागली.

दलसिंग जाळाच्या उजेडात मांडी घालून बसला होता, नव्या पागोट्यात. त्याच्या नावाने गाणं सुरू होतं आणि फुलीबाईच्या उजव्या कानातली छोटी बाळी जाळापुढे अधूनमधून चमकत होती. त्याने बिडी पेटवली आणि निवांत ऐकत बसला.